मांडीतली कल्हई

आयुब कल्हईवाल्याच्या डाव्या पायाचं दुखणं धाराशिवातल्या झाडून सगळ्या डॉक्टरांनी ओळखलं होतं. प्रत्येकानं वेगळं ओळखलं, एवढंच. एक म्हणाला वात आहे. दुसरा म्हणाला मणक्यात नस दबलीय. तिसऱ्यानं कमरेला पट्टा बांधला, चौथ्यानं तो सोडायला लावून कमरेत सुई टोचली. बसस्टँडकडच्या एका डॉक्टरनं तर मान वर न करता शक्तीची सलाइन लावली. आयुब आत आला तेव्हा तो मोबाइलमध्ये बघत होता आणि सलाइन संपवून आयुब बाहेर पडला तेव्हाही मोबाइलमध्येच होता. "थोडं चाललं की पोटरी गच्च आवळती, थांबलं की सुटती," असं आयुब प्रत्येकाला सांगत होता. दुखणं आपल्या तोंडानं आपलं नाव सांगत होतं म्हणा ना. पण पाय दुखतो म्हणून आलेल्या माणसाचा पाय बघावा, ही युक्ती दोन वर्षांत एकालाही सुचली नाही. शेवटी करंगळी काळी पडून वास मारायला लागली, तेव्हा मात्र सगळ्यांचं एकमत झालं: सोलापूरला न्या.

न्यायचं काम बायकोचं, म्हणजे लालबीचं. मुलगा फिरोज पुण्यात कुणाची तरी गाडी चालवायचा आणि फोनवर "अम्मी, टेन्शन नको घेऊ" म्हणायचा. टेन्शन घ्यायला घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ते लालबीच घ्यायची.

सोलापूरच्या दवाखान्यात उमाशंकर नावाचा तरुण सर्जन होता. त्यानं आयुबला झोपवलं, लुंगी वर करायला लावली आणि पायाला हात लावला. घोट्याला लावला, गुडघ्यामागं लावला, जांघेत लावला. लालबीच्या डोळ्यांत पाणीच आलं. पायाच्या दुखण्यासाठी पायाला हात लावणारा माणूस तिनं दोन वर्षांत पहिल्यांदा बघितला होता.

"चाचा, बिडी किती ओढता?"

"पैले लई ओढायचो. आता कमी केली."

"कधीपासून?"

"आज सकाळपासून," लालबी म्हणाली.

मांडीतली रक्ताची मोठी नळी बिडीनं बुजवली होती. खाली रक्तच पोचत नव्हतं. आता जांघेपासून गुडघ्यापर्यंत बाजूनं दुसरी नळी टाकून रक्ताला वळणरस्ता काढून द्यायचा, असं डॉक्टरनं सांगितलं. नळी शक्यतो पेशंटच्याच पायातल्या शिरेची करतात. पण भट्टीपाशी जन्मभर उभं राहून आयुबच्या डाव्या पायातल्या शिरा गाठाळ झालेल्या. उजव्या पायातली शीर चांगली होती, पण तो पायही त्याच बिडीवर वाढलेला. उद्या त्याला गरज लागली तर, म्हणून ती राखून ठेवायची. तेव्हा नळी कापडाची, विकतची.

"एक गोष्ट आहे चाचा," उमाशंकर म्हणाला. "नळी परकी वस्तू असते. जंतूंना परक्या वस्तूवर बिऱ्हाड करायला लई आवडतं. एकदा बसले की वर चिकट थर करून घेतात आणि मग कुठल्या गोळीला दाद देत नाहीत. नळीच काढावी लागते. कधी कधी पायसुद्धा. म्हणून मी नळी बसवायच्या आधी औषधात भिजवतो. टीबीच्या गोळीत असतं ना लाल औषध, तेच. नळीला त्याचा लेप बसतो."

श्रीमंत देशात असल्या नळ्या कारखान्यातूनच औषध लावून येतात म्हणे. आमच्याकडं सरकारी योजनेत येते ती कोरी पांढरी. गरिबाच्या मांडीत जंतू सरकारच्या परवानगीशिवाय शिरत नाहीत, असा योजना लिहिणाऱ्याचा समज असावा. म्हणून हा बापडा स्वतःच वाटीत औषध कालवून नळी बुडवायचा. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला: स्टीलच्या वाडग्यात नळी, पाणी लालभडक, नळी केशरी.

आयुबनं फोटो जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याला एका डॉक्टरचं बोलणं आपल्या धंद्यातलं वाटलं.

"म्हणजी कल्हई," तो म्हणाला.

उमाशंकर खूश झाला. एवढं अवघड शास्त्र पेशंटनं एका शब्दात पकडलं! "अगदी बरोबर चाचा. कल्हईच समजा."

सोबतच्या शिकाऊ पोरांकडं वळून तो म्हणाला, "बघा, पेशंटशी त्याच्या भाषेत बोलायचं असतं." पोरांनी माना डोलावल्या. आयुबनं डोलावली. फक्त लालबीनं डोलावली नाही. तिला नवरा माहीत होता. त्याच्या हातात कल्हई हा शब्द देणं म्हणजे काय देणं, हे त्या दवाखान्यात तिच्या एकटीलाच ठाऊक होतं.

ऑपरेशन झालं. मेलेली करंगळी काढून टाकली. पाय गरम झाला, घोट्याशी नाडी टकटक करायला लागली. सुट्टी देताना काउंटरवरच्या पोरीनं सूचना म्हणून दाखवल्या. ड्रेसिंग करा, गोळ्या संपवा, जखमेला हात लावायच्या आधी हात धुवा, उकिडवं बसू नका, पाय घाणीत घालू नका, बिडी बंद. एसटीचा कंडक्टर थांबे सांगतो त्या चालीत तिनं ते म्हटलं. आयुबनं काही ऐकलं नाही. त्याला जे कळायचं होतं ते कळून चुकलं होतं.

आता कल्हईचं शास्त्र. पितळेच्या भांड्यात अन्न कळकू नये म्हणून आतून कथलाचा थर देतात, ती कल्हई. आयुबच्या हातची कल्हई अख्ख्या शहरात एक नंबर. भांडं परत देताना तो गिऱ्हाइकाला सांगायचा: आंबट ठेवू नका, राखेनं घासू नका, मग वर्षभर बघायचं न्हाय, माझी गॅरंटी. हे म्हणणं त्यानं जन्मभर लोकांना ऐकवलेलं. आता ते त्यानं स्वतःच्या मांडीला ऐकवलं. घरी आल्या आल्या पहिला हुकूम सुटला.

"आंबट बंद."

"कुणाला?"

"मला. आंबट पोटात गेलं की रगतात उतरतं. रगत नळीतनं जातं. कल्हई निघती."

आंबाड्याची भाजी गेली, चिंच गेली, दही गेलं. लालबी फोडणीला टोमॅटो टाकायची तर चोरून.

मग बघायला येणारांची रीघ लागली. आपल्याकडं माणूस आजारी पडला की त्याला बघायला जावं लागतं. जाऊन त्याच्याच खाटेवर बसावं लागतं. तो बरा होईल असं म्हणून, असल्याच दुखण्यात वारलेल्या आपल्या पाहुण्याची गोष्ट सांगावी लागते. आयुबकडं तर दाखवायला नवा माल होता. "हितं हात लाव. लागतंय का ठोका? कल्हईची नळी हाय." तंबाखू मळलेले, नाक शिंकरलेले, शेरडं बांधून आलेले हात आयुबच्या घोट्याला लागायचे आणि "व्हय की!" म्हणून परत जायचे.

गल्लीतली कडूबाई तुळजापूरहून आईचा अंगारा घेऊन आली. त्याच दिवशी नणंद शबनम दर्ग्यातल्या उदाची राख घेऊन आली. दोघींच्याही मनात होतं की जखमेवर चिमूटभर लावावी. लालबी दारात आडवी व्हायच्या आतच आयुब खाटेवरून ओरडला, "राख नक्को! राखेनं कल्हई जाती!"

"अवो आयुबभाई, आईचा अंगारा हाय," कडूबाई म्हणाली.

"कपाळाला लावतो ना. मांडीला न्हाय."

"आणि ही दर्ग्याची, भाईजान."

"ती बी कपाळाला."

दोन्ही धर्मांची राख एका कपाळावर शेजारी शेजारी बसली. बैठका, मिरवणुका, बंदोबस्त, काही न करता. लालबीला वाटलं, चला, चुकीच्या कारणानं का होईना, माणूस बरोबर वागतोय. तिथंच ती फसली. चुकीचं कारण घरात घेतलं की ते काही एका कामापुरतं थांबत नाही.

कंपाउंडर ड्रेसिंगला आला. त्यानं कापूस औषधात बुडवला आणि जखमेवरून फिरवायला घेतला तर आयुबनं त्याचं मनगट धरलं.

"घासायचं न्हाय."

"चाचा, साफ करतोय."

"तू साफ करतो आणि माझी कल्हई उतरवतो. नुसतं फडकं बदल अन् जा."

कंपाउंडर कशाला वाद घालतो? काम कमी झालं तर कोणाला वाईट वाटतं? त्यानं फडकं बदललं आणि गेला. पुढं पुढं तेही बंद झालं. गोळ्यांचं तर विचारूच नका. "आत कल्हई असताना वरून गोळ्या कशाला? भांड्याला दोनदा कल्हई लावतो का कुणी?"

"आणि बिडी?" लालबीनं विचारलं.

"बिडीचा धूर वर जातो. नळी खाली हाय."

तरीही सुरुवातीला सगळं नीट चाललं. हेच तर वाईट झालं. जांघेतली जखम वरून मिटली. आयुब काठी टेकत मशिदीपर्यंत चालत जायला लागला, पोटरी आवळेना. गल्लीला वाटलं कल्हईनं केलं. आयुबला तर वाटायचा प्रश्नच नव्हता.

आणि लग्नसराईत दिग्विजय आला. दिग्विजय म्हणजे मंडप, केटरिंग, डीजे आणि चौकाचौकात स्वतःच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. बोर्डावरचं शहराचं नाव बदललं, फ्लेक्सवरचा दिग्विजय बदलला नाही. बोर्डाखालचं गटारही नाही. त्या गटाराच्या काठाला आयुबची भट्टी. सामुदायिक विवाहाचं जेवण धरलंय, पितळेच्या मोठ्या डेगी कळकट पडल्यात, असं म्हणत त्यानं टेम्पो थेट भट्टीपाशी लावला.

"चाचा, तुमच्याशिवाय कोण हाय धाराशिवात? बाकी सगळे पावडर लावून चमकवणारे."

"त्यांचं ऑपरेशन झालंय," लालबी आतून म्हणाली.

"झालं ना पण? चांगलं झालं. चाचा आता पैल्यापेक्षा तरणे दिसायलेत." एवढं बोलून तो डेगी उतरवून गेला. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला दिग्विजयला शिडी लागत नाही, आणि उतरवायला तो थांबत नाही.

डेगीला कल्हई लावायच्या आधी ती आतून घासावी लागते. एवढ्या मोठ्या डेगीत हात पोचत नाही. कल्हईवाला आत उतरतो. तळाला वाळू आणि राख टाकतो, वर गोणपाट, त्यावर अनवाणी उभा राहतो, काठ धरतो आणि कमरेपासून गरागरा पिळे घेतो. इकडून तिकडं, तिकडून इकडं. जुन्या रश्श्याचं तेल, काळी राख, गटारातून बादलीनं उपसलेलं पाणी, सगळ्याचा लगदा होतो आणि पायाच्या बोटांमधून वर येतो.

लालबी भट्टीपाशी आली तेव्हा आयुब डेगीत उभा होता. करंगळीच्या जागी जी अर्धवट भरलेली जखम होती, तिच्यावर त्यानं प्लास्टिकची पिशवी चढवून रबर लावलं होतं. पिशवी कधीच फाटली होती.

"बाहेर या."

"ही एक झाली की येतो."

"अजी, डाक्टरनं पाय घाणीत घालू नका म्हटलंय."

"घाण भायेर हाय. कल्हई आत हाय." तो पिळा घेता घेता हसला. "आन् मांडीचा पायाशी काय संबंध? तू लई विचार करती."

ती एक झाली, मग दुसरी झाली. मग दिवसभर भट्टीपुढं उकिडवा, जांघ दुमडून, घामानं निथळत, नवसागराच्या पांढऱ्या धुरात. डेगी अशा चमकल्या की दिग्विजयनं त्यात स्वतःचं तोंड बघून फोटो काढला.

पंधरवडा गेला. आयुबला संध्याकाळचं थंडी वाजायला लागली. "हवा बदलली," तो म्हणाला. मग लालबीला लुंगी धुताना जांघेच्या जागी पिवळा डाग दिसला. तिनं नाकाशी नेली आणि लांब धरली. हा वास तिनं एकदा घेतला होता. करंगळीचा.

"हे काय?"

"घाम."

"घाम पिवळा असतो?"

"उन्हाळ्यात असतो."

"दाखवा मला."

"दिवसाढवळ्या काय दाखवा म्हणती? लाज बाळग."

लालबीनं लाज बाळगली नाही. दार लोटून घेतलं आणि बघितलं. मिटलेल्या जखमेच्या टोकाला मुगाच्या दाण्याएवढं भोक पडलेलं आणि त्यातून हळूहळू झिरपत होतं. आजूबाजूला लाल, गरम. आणि त्याच्या खालीच नळीचा ठोका. डॉक्टरचं ते वाक्य तिला आठवलं, जे नवऱ्यानं ऐकलं नव्हतं: नळीच काढावी लागते, कधी कधी पायसुद्धा.

"आत्ता सोलापूर."

"कशाला? वर्ष कुठं झालं? अजून रमजान बी लागला न्हाय. माझी कल्हई वर्षाच्या आत आजवर कुणी परत आणली न्हाय."

"ही तुमची कल्हई न्हाय!"

"डाक्टरची हाय. डाक्टर माझ्यापेक्षा शिकलेला हाय. म्हणजी दीड वर्ष धर."

या हिशेबापुढं लालबीनं हात टेकले आणि सरळ उमाशंकरला फोन लावला. डाग सांगितला, भोक सांगितलं, थंडी सांगितली, डेग सांगितली. डेग सांगितल्यावर डॉक्टरनं तिला मधेच तोडलं.

"चाची, त्यांना लगेच आणा. आज. ते गोळ्या घेत होते ना?"

"न्हाय. आत कल्हई हाय म्हणतेत."

"कल्हई? असं कुणी सांगितलं त्यांना?"

"तुमीच."

"मी फक्त समजा म्हणालो होतो!"

"ते समजले ना डाक्टरसाब. वर्षाची गॅरंटी धरून बसलेत."

"वर्षाची? अहो, तो लेप दोन-तीन आठवड्यांत उतरतो. ऑपरेशनच्या वेळी जे जंतू शिरतात त्यांच्यापुरता असतो तो."

लालबीनं फोन ठेवला आणि नवऱ्याकडं बघितलं. रडून तो ऐकणार नव्हता. भांडून ऐकणार नव्हता. अल्लाची, आईची, पोराची शपथ घालूनही ऐकणार नव्हता. हा माणूस हलला तर फक्त धंद्याच्या अब्रूवर हलणार होता. तिनं पदर खोचला आणि सहज सांगावं तसं सांगितलं, "डाक्टर म्हणतो, त्याची कल्हई दोन-तीन आठवडेच टिकती."

आयुब खाटेवर उठून बसला.

"किती?"

"दोन-तीन आठवडे."

"दोन-तीन आठवडे?" त्याच्या कपाळाची शीर उडायला लागली. "एवढा मोठा दवाखाना, वर एसी, खाली फरशी, आन् कल्हई दोन-तीन आठवड्यांची? अशी कल्हई लावणाऱ्याला आमच्या गल्लीत कुत्रं भांडं देत न्हाय! मला पैले का न्हाय सांगितलं?"

"मला काय विचारता? त्याला विचारा जाऊन."

"विचारतोच. काढ लुंगी धुतलेली."

जाताना त्यानं कपाटातून पितळी कटोरा काढून खिशात घातला. फिरोजच्या बारशाला त्यानं स्वतः कल्हई केलेला. अजून आरशासारखा. सोलापूरच्या एसटीत तो सगळ्या रस्त्याला तापानं कुडकुडत होता आणि शेजारच्या प्रवाशाला कटोरा दाखवत होता. लालबी खिडकीशी बसून त्याच्या पायाचा अंगठा चिमटीत धरून होती. गरम आहे. अजून गरम आहे. तिला बाकी कशाशीच देणंघेणं नव्हतं.

दवाखान्यात आयुबनं नमस्कार-चमत्कार केला नाही. टेबलावर कटोरा आपटला.

"ही बघा कल्हई. माझा पोरगा बाप झाला, तरी निघाली न्हाय. आन् तुमची?"

उमाशंकरनं कटोरा बाजूला ठेवला. "आडवे व्हा चाचा."

"आधी जबाब द्या."

"आडवे होऊन बोला."

डॉक्टरनं जांघ बघितली, कडेनं दाबली, तेव्हा आलेला पू बघून त्याचा चेहरा उतरला. नर्सला हाक मारून तो हळू आवाजात भराभर बोलायला लागला. मग स्टूल ओढून आयुबच्या उशाशी बसला.

"चाचा, माझं चुकलं. ती कल्हई नव्हती. लग्नात दारावर बिनबोलावलेले अडवायला माणूस उभा करतात ना, तसा तो लेप होता. मांडव उठेपर्यंत. मांडव उठला, तो गेला. नंतरची राखण तुमची होती. धुण्याची, गोळ्यांची, पाय जपायची. तुम्ही पायानं डेगीतला उकिरडा आत नेला. पायातले जंतू मांडीत चढले आणि नळीवर बसले."

"मग कल्हई समजा का म्हणालात?"

"तुम्हाला समजावं म्हणून."

"समजलं की," आयुब म्हणाला. "लई चांगलं समजलं."

शिकाऊ पोरं फरशीकडं बघत होती. पेशंटशी त्याच्या भाषेत बोलायचं असतं हे त्यांनी लिहून घेतलं होतं. त्या भाषेत तो काय ऐकतो तेही विचारायचं असतं, हे कोणी सांगितलं नव्हतं.

"डाक्टरसाब, पाय?" लालबीनं विचारलं.

"वाचेलच असं मी सांगत नाही चाची. नळी काढावी लागणार. जिथं टाचलीय तिथं कुजली तर एका दणक्यात रक्त जाऊन माणूस हातचा जाईल. उजव्या पायातली शीर राखली होती, ती काढून इथं लावतो. घरची नळी, तिच्यावर जंतूंचं बिऱ्हाड सहजी टिकत नाही. बसली तर पाय राहिला. नाही बसली तर मांडीतून काढावा लागेल."

आयुब छताकडं बघत होता. कटोऱ्याचा विषय संपला होता. पहिल्यांदाच तो घाबरलेला दिसला, आणि घाबरला तसा एकदम म्हातारा दिसला.

"लालबी," तो म्हणाला, "एका पायानं डेग घासता येत न्हाय गं."

"दोन पायांनी घासून काय दिवे लावले?" लालबी म्हणाली आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडली.

शीर बसली. पाय राहिला. आणखी दोन बोटं गेली, जांघेतली जखम उघडी ठेवून रोज धुवावी लागली, आणि आठवडेच्या आठवडे सुया. या वेळी उमाशंकरनं कशालाच काही समजा म्हटलं नाही. तो सांगायचा आणि मग म्हणायचा, "आता मी काय म्हणालो ते तुम्ही मला सांगा." आयुब चुकला की पुन्हा सांगायचा. घरी आल्यावर बघायला येणारांसाठी लालबीनं दारातच बादली आणि साबण ठेवला. बादली बघून निम्मे लोक उंबऱ्यावरूनच परत जायला लागले. हात धुण्यापेक्षा न बघणं सोपं. कडूबाईनं मात्र कोपरापर्यंत हात धुतले आणि विचारलं, "आता अंगारा लावू का?"

"कपाळाला," आयुब म्हणाला.

भट्टी पुन्हा पेटली, पण रीत बदलली. आयुब खुर्चीवर बसून कथील फिरवायचा, पाय स्टुलावर, पायात मोजा. डेगीत लालबी उतरायची. पायात रबरी बूट, साडीचा काचा मारलेला, काठ धरून इकडून तिकडं पिळे. पहिल्या दिवशी गल्ली जमा झाली. बाई डेगीत कुठं उतरते का, अशी चर्चा झाली. चर्चा करणाऱ्यांतल्या कुणी बूट घालून "तुमी बाहेर या, मी घासतो" म्हटलं नाही, तेव्हा चर्चा आपोआप संपली.

"त्या काठाला राहिलं," आयुब खुर्चीवरून बोट दाखवायचा.

"दिसतंय मला. बिडी खाली टाका आधी."

एका सकाळी बसस्टँडकडचा सलाइनवाला डॉक्टर मोटारसायकलवर आला. बायकोनं पितळेचं पातेलं दिलं होतं. आजकाल पितळेत शिजवायची फॅशन परत आलीय. गाडीवरूनच त्यानं पातेलं पुढं केलं, दुसऱ्या हातातल्या मोबाइलमध्ये बघत.

"आयुबभाई, पाय काय म्हणतो?" पायाकडं त्यानं बघितलंच नाही.

"मजेत हाय साहेब."

"आमटी हिरवी पडतीय म्हणे यात. काय झालंय बघा जरा."

आयुबनं पातेल्याकडं मान वळवली नाही. भट्टीतल्या निखाऱ्यावर नजर ठेवून म्हणाला, "वात हाय."

"काय?"

"वात झालाय पातेल्याला. नायतर मणक्यात नस दबली असंल. पट्टा बांधा. न्हाय फरक पडला तर शक्तीची सलाइन लावा."

डॉक्टरनं मोबाइलमधून मान वर काढली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं आयुबकडं बघितलं. डेगीतून लालबीचं हसणं घुमून बाहेर आलं. काठाला धरून ती डेगीतून निघाली, नळावर साबणानं हात धुतले, डॉक्टरच्या हातातून पातेलं घेतलं आणि उन्हात तिरपं धरून तळापर्यंत बघितलं. कडेनं बोट फिरवलं.

"तळाची कल्हई गेलीय याची," ती म्हणाली. "परवा न्या. आन् साहेब, आंबट ठेवू नका, राखेनं घासू नका. गॅरंटी मागू नका. अधूनमधून आत बघत जावा."